पैसा गेला, यादी आली
(प्रस्तावना)

भारतात मूत्रपिंड विकत घेता येत नाही. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा येईपर्यंत ते घेता येत होते, आणि मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत त्याचा बाजार चालत असे. घेणारा सधन, कधी परदेशातून आलेला. देणारा बहुधा कर्जात बुडालेला. कायद्याने हा सौदा गुन्हा ठरवला. चोरटे सौदे त्यानंतरही पकडले गेले, पण तत्त्व बदलले ते बदललेच. आज मुंबईत किंवा पुण्यात मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले, की ते कोणाला जाणार हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीवरून ठरते. रक्तगट कोणता, डायलिसिसवर किती काळ गेला, वय किती, असे सगळे त्यात बघितले जाते. दोनपैकी एक मूत्रपिंड दाता ज्या रुग्णालयात होता तिथल्या यादीला आणि दुसरे शहराच्या सामायिक यादीला, अशी साधारण रीत आहे. बोली कोणी लावत नाही.

पैशाविना चालणाऱ्या समाजाबद्दल लिहायला बसलेली माणसे एकतर सत्ययुगात जातात, नाहीतर थेट दुसऱ्या ग्रहावर. इतक्या लांब जायची गरज नाही. वस्तू थोडी, मागणारे फार आणि पैशाला दाराबाहेर थांबवलेले, असे कोपरे आपल्या भोवती पुष्कळ आहेत. पाटाच्या पाण्याची पाळी तशी आहे, प्रत्यारोपणाची रांग तशी आहे. हे पुस्तक अशा कोपऱ्यांचे आहे. पैसा चांगला की वाईट या वादात ते पडत नाही. पैसा बाजूला केल्यावर त्याच्या जागी काय येऊन बसते, एवढेच ते बघते.

माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढे भांडायला सोपे जाईल. पैसा काढला की यादी येते. आधी कोणाला, किती, आणि कोणाला मुळीच नाही, हे कुठे तरी ठरलेले असावेच लागते. मग ते वहीत असो, दोरीच्या गाठींत असो, की गावाच्या तोंडी असो. न्याय-अन्यायाचा सगळा प्रश्न अशा वेळी त्या यादीवर येऊन पडतो. ती कोण करतो, ती कोणाला दिसते, आणि तिच्याविरुद्ध तक्रार केली तर तक्रार करणाऱ्याचे काय होते, या तीन गोष्टी कळल्या की ते वाटप न्याय्य होते की नाही हे बहुतेक कळते. पैसा होता की नव्हता, यावरून कळत नाही.

पण पैशाची बाजू नीट ऐकल्याशिवाय त्याला बाहेर काढणे बरे नाही. फ्रीडरिश हायेक यांनी १९४५मधल्या एका लेखात कथलाचे उदाहरण दिले होते. जगात कुठे कथलाची टंचाई झाली, तर ती का झाली हे कोणाला कळायची गरज नसते. भाव चढतो आणि हजारो माणसे आपापल्या जागी कथील जपून वापरू लागतात. कोणी हुकूम काढत नाही, कोणी यादी करत नाही. हे काम खरोखर मोठे आहे, आणि पैशाला शिव्या देणारे बहुतेक जण ते विसरतात. अडचण एवढीच, की या व्यवस्थेत बोलायचे तर आधी खिशात काही असावे लागते.

१९४३च्या बंगालने ती अडचण दाखवली. अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले, की त्या वर्षी बंगालमधला तांदूळ दोन वर्षांपूर्वीपेक्षा कमी नव्हता. युद्धाच्या खर्चाने कलकत्त्याकडचे खिसे भरले, भाव चढत गेला, आणि शेतमजूर, कोळी, खेड्यातले कारागीर यांची कमाई होती तिथेच राहिली. वीस ते तीस लाख माणसे गेली. सेन यांच्या साठ्याच्या हिशेबावर पुढे वाद झाले, अजूनही होतात. मरणारे कोण होते याबद्दल मात्र वाद नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. कलकत्त्यात ते यायला १९४४ उजाडावे लागले. मुंबईत रेशनच्या दुकानात पैसे मोजावेच लागत होते, पण जास्त पैसे मोजून जास्त धान्य अधिकृतपणे घेता येत नव्हते. पैसा राहिला आणि त्याचा शब्द शेवटचा राहिला नाही, अशी ही मधली अवस्था. काळा बाजार अर्थातच होता. तरीही टंचाईच्या वर्षात शहराने धान्य भावावर सोडण्याऐवजी कार्डावर आणले, हे भारतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर नवे होते, आणि पुढची कित्येक दशके आपल्या घराघरांत जे रेशनकार्ड जपून ठेवले गेले त्याची मुळे या युद्धकाळात आहेत.

पैसा अजिबातच नको, असे म्हणून राज्य चालवण्याचे प्रयत्नही झाले. त्यांच्यावर मी फार पाने घालणार नाही, कारण त्यांचा धडा लवकर कळतो. क्रांतीनंतरच्या पेत्रोग्रादमध्ये १९१८ साली शिधा वर्गावरून ठरू लागला: अंगमेहनतीचा कामगार पहिल्या श्रेणीत, जुना मालकवर्ग चौथ्या. शहर जगले ते पोत्यातून चोरून धान्य आणणाऱ्या लोकांवर, ज्यांना सरकार कधी पकडत होते आणि कधी न पाहिल्यासारखे करत होते. १९२१मध्ये लेनिनने नवे आर्थिक धोरण आणले आणि बाजार परत आला. कंबोडियात ख्मेर रूज १९७५च्या एप्रिलमध्ये सत्तेवर आले, त्यांनी पैसा रद्द केला आणि राष्ट्रीय बँकेची इमारत उडवली. स्वतःच्या नोटा छापून घेतल्या होत्या, त्या कधी चलनात आणल्याच नाहीत. घरची चूल मोडली, सामुदायिक खानावळीत पातळ पेज मिळू लागली, आणि पळी ज्याच्या हातात तो कार्यकर्ता काय खातो हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. सुमारे चार वर्षांत पंधरा ते वीस लाख लोक मेले. उपासमार त्यातले एक मोठे कारण. रिएल हे चलन १९८०मध्ये परत आले. समता आणायला निघालेल्यांनी वाटप करणाऱ्याच्या हाती जीवनमरण दिले आणि त्याला जाब विचारण्याची एकही वाट ठेवली नाही.

इंकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पेरूच्या पर्वतराजीत स्पॅनिश पोचले १५३२मध्ये. त्यांना दिसलेल्या साम्राज्यात नाणे नव्हते, डोंगराळ भागात म्हणावा असा बाजारही नव्हता. कर द्यायचा तो श्रमाने. पाळी येईल तेव्हा रस्त्यावर, शेतात, विणकामावर जायचे. पिकलेले आणि विणलेले राज्याच्या कोठारांत. वानुको पांपा या एकाच ठाण्याजवळच्या टेकडीवर जवळजवळ पाचशे कोठारे ओळीने उभी होती. गोठवून वाळवलेला बटाटा, वाळवलेले मांस, मका, कापड. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत, म्हणजे किपूंत ठेवला जाई, आणि तो वाचणारे लोक वेगळे असत. दुष्काळात या कोठारांतून मदत होई, हे खरे. त्याआधी सैन्य, अधिकारी आणि दरबार यांचे पोट भरे, हेही तितकेच खरे. तलम कुंबी कापड सामान्याच्या अंगावर येत नसे. तेव्हा इंकांचे राज्य म्हणजे पैशाविना सुखी समाज, ही युरोपात अधूनमधून रंगवली गेलेली गोष्ट जरा आवरती घ्यावी लागते. पण मला त्यांचा हिशेब थक्क करतो. हाउहा खोऱ्यातल्या वांका सरदारांनी १५६१मध्ये लिमाच्या स्पॅनिश न्यायालयात किपू आणले आणि स्पॅनिशांना गेल्या पंचवीसेक वर्षांत काय काय दिले, काय काय लुटले गेले, ते गाठींवरून वाचून दाखवले. पैसा नसलेल्या समाजाने पैसेवाल्या समाजावर हिशेबाचा दावा लावला होता. यादी चोख असू शकते, आणि ती दुर्बळाच्या हाती आली तर तिचे हत्यारही होऊ शकते.

इथे लुडविग फॉन मीझेस यांच्या १९२०च्या आक्षेपाकडे वळायला हवे. त्यांचे म्हणणे असे, की भाव नसतील तर रस्ता बांधावा की धरण, लोखंड वापरावे की लाकूड, हे ठरवायला काही मापच उरत नाही. आक्षेप दमदार आहे आणि पुढच्या सोव्हिएत अनुभवाने त्याला बराच आधार दिला. पण तो प्रामुख्याने काय बनवावे याबद्दलचा आहे. वस्तू आधीच हातात आहे, कोणाला द्यायची एवढाच प्रश्न असेल, तर त्याची धार कमी होते. मूत्रपिंड कोणी कारखान्यात काढत नाही. पाऊस पडून गेलेला असतो. पैशाविना वाटपाचे टिकलेले प्रयोग पाहिले तर त्यातले बरेचसे याच जातीचे निघतात: एकच वस्तू, तिचे प्रमाण निसर्गाने किंवा नशिबाने ठरवलेले, आणि वाटून घेणारे एकमेकांना ओळखणारे.

आणि या जातीतले जे अत्यंत देखणे उदाहरण मला माहीत आहे, ते आपल्या खानदेशातले आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम, गिरणेच्या खोऱ्यात गावोगावी दगडी बंधारे घालून पाणी पाटाने शेतात फिरवण्याची फड पद्धत काही शतके चालत आली. गावाच्या ओलिताच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडलेले असतात. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात रब्बी, तिसऱ्यात खरीप, आणि कुठला तरी विसावा घेत पडलेला. पुढल्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवतात. माझ्या तुकड्यात मला वाटेल ते, ही सोय नाही. पाणी शेतकरी स्वतः फोडत नाही. त्यासाठी पाटकरी असतो, वर देखरेखीला हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या, आणि यांचा मोबदला पूर्वी सुगीला धान्यात मिळे.

या रचनेतली खरी हुशारी पाळीपत्रकात नाही, जमिनीच्या मांडणीत आहे. खातेदाराची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते. म्हणून पाणी कमी पडले आणि एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचे ठरले, तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला आपापल्या जमिनीच्या प्रमाणात येतो. धरणाच्या कालव्यावर आपण काय बघतो? वरच्या टोकाचा भिजवून घेतो आणि शेपटाचा वाट बघत बसतो. मग शेपटाचा रात्री जाऊन दार फोडतो, मग पोलीस. फडात वरचा आणि खालचा ही माणसांची विभागणीच शिल्लक ठेवलेली नव्हती. ज्याला टंचाईत सगळ्यांची कपात सुचवायची आहे त्याची स्वतःचीही तेवढीच कपात होणार असेल, तर सभेत वेगळ्या सुरात बोलले जाते. पंचांच्या चांगुलपणावर एवढा भरवसा ठेवण्याची गरजच मग उरत नाही.

फडाची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. पाणी जमिनीला मिळते, माणसाला नाही. ज्याला जमीन नाही त्याचा त्या यादीत उल्लेखच नाही. पैशाविना आणि भांडणाविना चालणारी व्यवस्था गावातल्या अर्ध्या लोकांना न विचारता चालू शकते, आणि तिच्या कौतुकात हे दिसेनासे होते.

विलासराव साळुंखे यांनी नेमके इथे बोट ठेवले. पुण्यातले हे अभियंता-उद्योजक १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात हिंडले, आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन त्यांनी पाणी अडवण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम थोडे होते आणि कोणालाही तोंडपाठ व्हावेत असे होते. पाणी माणशी: डोई अर्ध्या एकराच्या ओलिताइतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. कोणाकडे वीस एकर असली तरी पाणी माणसे मोजूनच. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ऊस घ्यायचा नाही.

हा शेवटचा नियम वाचून पुष्कळ जण बिचकतात. पाणी दिले ना, मग त्याने काय पिकवावे हे तुम्ही कोण सांगणार? पण माणशी अर्ध्या एकराचा हिशेब हा उसाविनाच जुळतो. वाटप आणि वापर यांची ताटातूट केली की गणित कोसळते, हे साळुंखे यांना अभियंता म्हणून दिसले असावे. मीझेस यांच्या प्रश्नाला फडाने आणि पाणी पंचायतीने दिलेले उत्तर एकच आहे: काय पिकवायचे हेही आपण मिळूनच ठरवू. छोट्या गटात, एका वस्तूपुरते ते उत्तर चालते. हजार वस्तूंना ते चालेल असे मला वाटत नाही.

पैसा इथेही पूर्णपणे बाहेर नव्हता. योजनेच्या खर्चाचा वीस टक्के वाटा शेतकऱ्यांनी उचलायचा होता, पंप विजेवर चालत होते आणि वीज मंडळ बाजरी घेत नव्हते. पुढे काही योजना बंद पडल्या त्यात या खर्चाचा हात होता. साळुंखे २००२मध्ये गेले. दक्षिण महाराष्ट्रात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ झाली, तिने भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाणी हा मुद्दा धरून ठेवला. सरकारी धोरणाच्या भाषेत ‘समन्यायी’ हा शब्द पोचला; कालव्यात किती पोचला, हा वेगळा विषय.

आता उलट बाजू. पैशाविना चालणाऱ्या गावाची आठवण काढून गहिवरणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. बारा बलुतेदार, खळ्यावर धान्याच्या पेंढ्या, सुताराने वर्षभर औत भरायचे आणि कुणब्याने सुगीला त्याचे माप घालायचे. प्रत्येक कामाला रोकड मोजावी लागत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही सगळी यंत्रणा बारकाईने नोंदवली आहे आणि तिच्यातल्या कुरबुरीही झाकलेल्या नाहीत. यातही यादी होतीच: कोणाच्या ओळीला किती, कोणाचा हक्क आधी, कोणाचा शेवटी. ती जन्माने ठरलेली होती आणि तिच्यात बदल मागण्याची जागा नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. तेव्हाची रीत अशी: महार वतनदाराला सरकारचे काम दिवसाचे चोवीस तास; तो हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे; आणि मोबदला म्हणून थोडीशी इनाम जमीन आणि गावकऱ्यांनी घातले तर बलुते. गाव रागावले की बलुते बंद. विधेयकात इतर गोष्टींबरोबर एक मागणी अशी होती, की बलुत्याचे रूपांतर रोख करात व्हावे आणि नोकराला ठरलेला पैसा मिळावा. हे विधेयक मांडणारा माणूस रुपयाच्या प्रश्नावर १९२३मध्ये लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून बसलेला अर्थशास्त्रज्ञ होता. पैसा काय करू शकतो हे त्याला पुरते ठाऊक होते. धान्याचे माप देणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहून घ्यावे लागते. रुपया मिळाला की माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, दुसऱ्या गावाला जाऊ शकतो. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले, आणि आंबेडकर तेव्हा हयात नव्हते.

पैशाविना समाजाची कल्पना मांडणाऱ्या प्रत्येकाने या विधेयकाला उत्तर द्यायला हवे, असे माझे मत आहे. पैशाला ओळख लागत नाही. त्याच्या क्रूरतेचे मूळ त्यात आहे आणि त्याने केलेल्या सुटकेचेही. (मुंबईच्या गिरण्यांत पगार मिळाला, पण विणखात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्यांना तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा रोख पगाराने सगळे सुटले असेही नाही.)

जात नसलेल्या ठिकाणी, सज्जन माणसांनी केलेली यादीही किती घसरू शकते, हे अमेरिकेतल्या सिएटलने दाखवले. बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी १९६०मध्ये टेफ्लॉनची नळी बसवून डायलिसिस पुन्हा पुन्हा करता येईल अशी युक्ती काढली. मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे वर्षानुवर्षे जगू शकतील, हे पहिल्यांदाच शक्य झाले. १९६२च्या जानेवारीत केंद्र उघडले. यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग सात जणांची समिती नेमली. नावे गुप्त. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक शल्यचिकित्सक. वैद्यकीय दृष्ट्या योग्य ठरलेल्या रुग्णांतून कोणाला यंत्र मिळणार हे त्यांनी ठरवायचे. ‘लाइफ’ मासिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि ही समिती जगाला कळली. ते काय बघत होते? लग्न झाले आहे का, मुले किती, शिक्षण, नोकरी, मालमत्ता, चर्चमध्ये किती सक्रिय, समाजाला पुढे किती उपयोगी. कोणी लाच घेतली नाही, कोणी आपल्या मेव्हण्याला पुढे ढकलले असेही नाही. सात भल्या माणसांनी आपल्यासारख्या माणसांना वाचवले, एवढेच. एकटा, विक्षिप्त, देवळात न जाणारा कोणी असता तर त्याची धडगत नव्हती, असा शेरा पुढे कायद्याच्या अभ्यासकांनी मारला.

पुढे प्रश्न सुटला तो कसा, हेही बघण्यासारखे आहे. १९७२मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा खर्च सार्वजनिक विम्यात घेतला. यंत्रे वाढली, टंचाईच संपली. पैशाविना न्याय्य वाटप कसे करावे हे न उलगडता, भरपूर पैसा ओतून प्रश्नच मोडीत काढला! मूत्रपिंडांना आणि यकृतांना हे लागू पडत नाही, म्हणून तिथे हळूहळू गुणपद्धती आली. यकृतासाठी अमेरिकेत २००२पासून रक्ताच्या तपासण्यांवरून आजाराची तीव्रता मोजणारा गुणांक वापरला जातो. रुग्ण चर्चला जातो का, हे त्या सूत्रात शिरू शकत नाही. पण सूत्रालाही कड असते. तिथे रुग्ण एकाहून अधिक राज्यांतल्या केंद्रांवर नाव नोंदवू शकतो, मात्र बोलावणे आल्यावर काही तासांत पोचता यायला हवे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या स्टीव्ह जॉब्ज यांना २००९मध्ये यकृत मिळाले ते टेनेसीतल्या मेंफिसमध्ये. नियम कुठेही मोडला नाही. खासगी विमान असणे हा नियमभंग नव्हे. आपल्याकडेही यादीतला क्रमांक फुकट असतो. शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतर आयुष्यभर घ्यायच्या औषधांचा खर्च नसतो. ज्याला तो झेपत नाही तो यादीत नाव घालायलाच जात नाही, आणि यादी बाहेरून अगदी स्वच्छ दिसते.

आणखी एक पेच राहतो. सारखे वाटले म्हणजे न्याय झाला, असे धरले तरी माणसांच्या गरजा सारख्या नसतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात कैदी असलेल्या आर. ए. रॅडफर्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९४५मध्ये छावणीतल्या अर्थव्यवहारावर एक लेख लिहिला. रेडक्रॉसचे पुडके प्रत्येकाला सारखेच मिळे. पण कोणी सिगारेट ओढत नसे, कोणाला चहा नको, शिखांना गोमांसाचे डबे नको असत. पाहता पाहता अदलाबदल सुरू झाली आणि सिगारेट हे चलन बनले. एका गड्याला उर्दू येत होती, त्याने त्या भांडवलावर शिखांशी मांसाच्या डब्यांचा व्यापार केला. बाहेरून कोणी पैसा आणला नव्हता. सारख्या वाटपातूनच तो उगवला.

म्हणून काही जाणत्यांनी पैसा हाकलण्याऐवजी नवा, लंगडा पैसा बनवला. ब्रिटनने १९४१च्या डिसेंबरात डबाबंद पदार्थांसाठी गुणांची पद्धत आणली: माणशी गुण सारखे, आणि मग त्यांतून मासे घ्या की फळे, ज्याची त्याची मर्जी. अमेरिकेतल्या अन्नपेढ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २००५मध्ये असेच केले. आधी तिथे रांग होती. ज्याची पाळी त्याला जे आले असेल ते. ज्या भागात बटाटे ढिगाने पडून आहेत तिथेही बटाट्यांचा ट्रक जाई. शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांनी हिश्श्यांचे चलन काढले. गरीब लोक ज्या भागात जास्त, त्या पेढीला हिस्से जास्त. मग रोज बोली लावा. खर्च झालेले हिस्से पुन्हा सर्वांत वाटले जातात. भाजीपाल्याला भाव कमी आला, शेंगदाण्याच्या लोण्याला आणि पास्त्याला चढा. कोणाला खरोखर काय हवे होते हे रांगेतून कधी कळलेच नव्हते. या चलनाने बाहेर काहीच घेता येत नाही, ते साठवून कोणी धनाढ्य होत नाही. बाजारावर ज्यांचा विश्वास नव्हता अशा अन्नपेढीच्या माणसांनीही ते हळूहळू स्वीकारले. मला हा प्रयोग सर्वांत शहाणा वाटतो, जरी काटेकोर बोलायचे तर तो पैशाविना नाही.

आपल्या राज्यात हा प्रश्न आज सर्वांत उघडपणे पेटतो तो गोदावरीच्या खोऱ्यात. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या वर्षात वरच्या आणि खालच्या धरणांनी पाणी समन्यायाने वाटून घ्यावे, असे सांगितले. त्यावरून झालेल्या अभ्यासातून एक आकडा आला: १५ ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. उच्च न्यायालयाने ही चौकट २०१६मध्ये उचलून धरली. फडातल्या लोकांना एकमेकांचे चेहरे माहीत होते. इथे वाटून घेणारे एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांचे आमदार ओळखतात. ऑक्टोबर जवळ आला की वरचे लोक विचारतात, मराठवाड्यातल्या उसासाठी आमची द्राक्षे का वाळवायची. खालचे विचारतात, नगरच्या उसाचे काय. ६५ टक्के हा आकडा ऊस, द्राक्ष आणि बाजरी यांत फरक करत नाही, माणसे मोजत नाही आणि भूमिहीनाला ओळखत नाही. नायगावच्या नियमांत हे सगळे लिहिलेले होते, फक्त ते काही एकरांना पुरेल एवढ्या पाण्यासाठी होते.